लढाईची वही



आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून एक लहानसे वाचनालय आहे. दोन बाकडी, एक टेबल, तीन वर्तमानपत्रे आणि कायम अडखळत फिरणारा एक पंखा. संध्याकाळी साडेसातनंतर कामावरून आलेली माणसे तिथे टेकतात. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने शेजारच्या युक्रेनमध्ये सैन्य घुसवले आणि आमच्या बाकड्यांचेही दोन देश झाले. भिंतीकडचे बाकडे रशियाचे, दाराकडचे युक्रेनचे. मी टेबलाजवळ, म्हणजे तटस्थ. आपल्या सरकारसारखाच. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाच्या निषेधाचा ठराव १४१ विरुद्ध ५ मतांनी झाला, तेव्हा जे ३५ देश गप्प बसले त्यांत भारत होता.

मी बी. कॉम. झालेला कारकून. कोणी काही बोलले की मला त्याचे व्हाउचर लागते. म्हणून मी एक शंभर पानी वही घातली. डाव्या पानावर रशिया काय म्हणतो ते, उजव्या पानावर युक्रेन काय म्हणतो ते, आणि मध्ये शिवणीजवळ तांबड्या शाईने तेवढेच, जे दोघांनाही नाकारता आले नाही. तांबडी ओळ पंधरवड्यातून एखादी पडायची. अशा तीन वह्या भरल्या. घरून विचारणा झाली, "त्यात तेलाचा भाव लिहिला का?" लिहिला. सूर्यफूल तेल आपण बहुतेक सगळे बाहेरून आणतो आणि युद्धाआधी त्यातले बरेचसे युक्रेनमधून येत होते. २०२२ च्या मार्चमध्ये वाण्याने पिशवीचा भाव सांगितला तेव्हा वस्तीतल्या बायांना काळा समुद्र कुठे आहे ते कळले.

भिंतीकडच्या बाकड्याचे पुढारी म्हणजे गिरणीतून निवृत्त झालेले आमचे मामा. त्यांचे म्हणणे असे की, "१९७१ ला अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागरात आलं, तवा आपल्या बाजूनं कोण उभं राहिलं? भिलाईचा कारखाना कुणी दिला? अण्णाभाऊंना मुंबईतल्या साहेब लोकांनी कधी विचारलं नाही, रशियानं बोलावून नेलं." हे खरेच आहे. अण्णाभाऊ साठे १९६१ साली तिकडे जाऊन आले आणि त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. मामांच्या पिढीला रशिया म्हणजे कष्टकऱ्याला माणूस म्हणणारा देश, आणि ती माया वादविवादाने सुटणारी नव्हे.

दाराकडच्या बाकड्यावर एक तरुण मास्तर बसतात. ते म्हणाले, "मामा, तो सोव्हिएत संघ होता. युक्रेनही त्याच्यातच होता. भिलाईचं पोलाद एकट्या रशियाच्या खात्यावर कसं टाकता?" मग त्यांनी इतिहास मांडला. डिसेंबर १९९१ मध्ये युक्रेनच्या जनतेने नव्वद टक्क्यांहून अधिक मतांनी स्वातंत्र्य मागितले. त्या देशाच्या भूमीवर तेव्हा जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा होता. १९९४ च्या बुडापेस्ट कराराने तो त्यांनी सोडून दिला, आणि बदल्यात रशिया, अमेरिका व ब्रिटन यांनी त्यांच्या सीमांना हात न लावण्याची हमी दिली. वीस वर्षांनी, २०१४ साली, रशियाने क्रिमिया घेतला. मामांनी लगेच नाटो काढली. २००८ साली बुखारेस्टला नाटोने युक्रेन पुढेमागे सभासद होईल असे जाहीर केले होते, हेही खरेच. अमेरिका दुसऱ्याच्या अंगणात काय करते ते इराकमध्ये आपण पाहिले, हेही खरे. पण माझे मत विचाराल तर रणगाडे कोणाच्या हद्दीत उभे राहिले हे आधी लिहावे लागते. बाकीचा मजकूर त्याच्या खाली.

सुरुवातीला वहीत नुसती गावांची नावे असायची. मार्च २०२२ अखेर रशियाने राजधानी कीवभोवतालचा वेढा काढला. मेमध्ये मारियुपोल पडले. नोव्हेंबरात खेर्सोन युक्रेनने परत घेतले. कोणी जिंकले की त्या बाकड्यावर चहा. क्रिकेटपेक्षा फार वेगळे नव्हते, हे आज लिहिताना शरम वाटते.

पहिला चहा थांबला तो बाखमुतला. सत्तरेक हजार वस्तीचे ते गाव, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या ठिकाणाएवढे. त्याच्यासाठी ऑगस्ट २०२२ ते मे २०२३ लढाई चालली. रशियाच्या बाजूने लढणारी वाग्नर नावाची भाडोत्री फौज होती. तिचा मालक प्रिगोझिन तुरुंगातून माणसे उचलून आणायचा: सहा महिने लढा, जगलात तर शिक्षा माफ. मे २०२३ मध्ये त्यानेच सांगितले की आपली सुमारे वीस हजार माणसे तिथे मेली आणि त्यांतले निम्मे कैदी होते. पुढे जूनमध्ये त्याने बंड केले, ऑगस्टमध्ये विमान पडून तो मेला. पण तो आकडा त्याने स्वतः दिलेला, म्हणून मी तांबड्या शाईत घेतला. आणि मिळाले काय? एक घर धड नाही असे गाव. मामा त्या दिवशी एवढेच म्हणाले, "गिरणीत निदान कापड तरी निघायचं."

मेलेल्यांचा आकडा दोन्ही सरकारे आपापल्या सोयीने सांगत. शत्रूचा फुगवून, आपला झाकून. अशा वेळी मला एका हिशेबाचे मोल वाटले. मीडियाझोना हे रशियन वृत्तस्थळ आणि बीबीसीची रशियन शाखा यांनी स्वयंसेवकांना घेऊन मृत रशियन सैनिक एकेका नावाने मोजायला घेतले. गावच्या वर्तमानपत्रातली श्रद्धांजली, शाळेच्या भिंतीवरची पाटी, स्मशानातले नवे थडगे, ज्याला पुरावा आहे तेवढेच नाव यादीत. २०२५ च्या पहिल्या सहामाहीत ती यादी एक लाखाच्या पुढे गेली. खरा आकडा त्याहून मोठा, हे तेही सांगतात. पण माझ्यासारख्याला अंदाजापेक्षा नोंद बरी.

या यादीतून जे दिसले त्याने आमची दोन्ही बाकडी गप्प झाली. लोकसंख्येच्या मानाने मॉस्को शहरातली माणसे फारच थोडी मेली होती. मेली ती लांबच्या गरीब प्रांतांतली, आणि त्यांत वरच्या नंबरावर तुवा आणि बुर्यातिया. आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे की रशियात पिढ्यान्‌पिढ्यांचे बौद्ध आहेत? बैकल सरोवराकाठचे बुर्यात, मंगोलियाच्या सीमेवरचे तुवा आणि कॅस्पियन समुद्राकडचे काल्मिक. आता हिशेब सरळ लिहायचा तर बुर्यातियात बुर्यात एक तृतीयांशाच्या आसपासच, बाकी बहुसंख्य रशियनच, आणि तेही मेले. खेड्यात काम नाही, फौजेत पगार आहे, हे मूळ कारण. पण नावे वाचताना मन थबकतेच. शिवाय नोव्हेंबर २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस एका मुलाखतीत म्हणून गेले की, या युद्धातले सर्वांत क्रूर सैनिक चेचेन आणि बुर्यात. पुढच्या महिन्यात व्हॅटिकनने दिलगिरी कळवल्याचे रशियाने सांगितले. मामा म्हणाले, "मरायला बी तेच, शिव्या खायला बी तेच."

आणि धर्मगुरू? तिथेही दोन बाकडी. बुर्यातियाचे मुख्य लामा दम्बा आयुशेयेव यांनी युद्धाला पाठिंबा दिला. काल्मिकियाचे मुख्य लामा तेलो तुल्कू रिन्पोचे मंगोलियात गेले आणि २०२२ च्या शरदात त्यांनी उघड सांगितले की हे युद्ध चूक आहे, युक्रेन आपल्या देशाचे रक्षण करतो आहे. जानेवारी २०२३ मध्ये रशियन सरकारने त्यांना 'परकीय हस्तक' ठरवले आणि त्यांनी पद सोडले. तेलो तुल्कू यांचे शिक्षण आपल्या शेजारच्या कर्नाटकात, मुंडगोडच्या तिबेटी विहारात झालेले. मास्तरांनी विचारले, "मामा, यांतला तुमचा लामा कोणता?" मामांनी उत्तर दिले नाही, चष्मा पुसत बसले.

मग आला वर्षावास २०२५. विहारात रोज रात्री 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन असते. पहिल्याच आठवड्यात रोहिणी नदीचे प्रकरण लागले. शाक्य आणि कोलीय, दोन शेजारी राज्ये, मध्ये एक नदी, तिच्या पाण्यावरून नोकरानोकरांत मारामारी. सेनापती संघापुढे युद्धाचा ठराव आणतो. सिद्धार्थ उठून सांगतो, दोन माणसे आपली, दोन त्यांची, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि वाद मिटवावा. तो प्रचंड बहुमताने हरतो. दुसऱ्या दिवशी वीस ते पन्नास वयाच्या प्रत्येक शाक्याने सैन्यात आले पाहिजे असा ठराव येतो. तो नकार देतो. मग त्याच्या कुटुंबावर बहिष्कार आणि शेतजमिनीची जप्ती अशी धमकी येते. बाबासाहेबांनी गृहत्यागाचे कारण म्हणून म्हातारा, रोगी आणि प्रेत ठेवले नाही. त्यांनी ही सभा ठेवली. यापूर्वी मी हे प्रकरण दहादा ऐकले असेल. या वेळी मला सप्टेंबर २०२२ आठवला. पुतिन यांनी तीन लाख राखीव सैनिकांची भरती जाहीर केली आणि बुर्यात, काल्मिक पोरे रातोरात मंगोलियाच्या नाक्यावर रांगा लावून उभी राहिली. मंगोलियाचे माजी राष्ट्राध्यक्ष एल्बेगदोर्ज यांनी त्यांना उघडपणे या म्हटले. युक्रेनची बाजूही लिहितो. तिथे फेब्रुवारी २०२२ मध्येच अठरा ते साठ वयाच्या पुरुषांना देश सोडण्याची बंदी झाली. आणि ज्याच्याकडे पैसा तो सुटू लागला. लाचखोरी इतकी वाढली की ऑगस्ट २०२३ मध्ये झेलेन्स्कींना सगळ्या प्रांतांचे भरतीप्रमुख घरी पाठवावे लागले.

वाचन संपल्यावर एक ताई थांबल्या. चार घरची धुणीभांडी करून मुलाला आयटीआय केलेल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही लढाईचं लिहून ठेवता म्हणे. रशियात स्वयंपाकघरात मदतनिसाचं काम सुरक्षित असतंय का?" मुलाला एजंट भेटला होता. महिना दीड लाख, वर्षभराने तिथलं नागरिकत्व. एजंटाला साडेतीन लाख द्यायचे. त्यातले काही बचत गटातून, काही गळ्यातले मणी मोडून.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला कागद घेऊन बोलावले. करार रशियन भाषेत. मला ती येत नाही, पण हल्ली मोबाईलचा कॅमेरा धरला की भाषांतर दिसते. तो ओळीवर धरला. नोकरी देणाऱ्याच्या जागी संरक्षण मंत्रालय असे उमटले. मी विजयाने त्याच्याकडे पाहिले. तो शांतपणे म्हणाला, "मला माहीत आहे काका. आईला सांगू नका."

मी वही काढली. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने अशाच एजंटांवर छापे घातले, मुंबईतही. त्याआधी जानेवारीत नेपाळने आपल्या माणसांना रशिया आणि युक्रेन दोन्हीकडचे कामाचे परवानेच बंद केले. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने आकडे दिले: रशियन सैन्यात गेलेले भारतीय १२६, मृत्यू १२, बेपत्ता १६. मी बोट ठेवले. पोराने शेजारचा आकडा वाचला. "परत आलेले ९६. म्हणजे चारात तीन जगतात काका. वडिलांच्या आजारपणाचं कर्ज चार लाख आहे, व्याज वेगळं. मला ठेकेदार अकरा हजार देतो. तुम्ही बी. कॉम. आहात. तुम्हीच हिशेब करून सांगा."

मला हिशेब करता आला नाही. माझ्या वहीत आणखी एक नोंद होती, ती दाखवायची माझी छाती झाली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये रशियाने कायदा केला की वर्षभराचा सैनिकी करार करणाऱ्याचे एक कोटी रूबलपर्यंतचे थकलेले कर्ज माफ. मॉस्को शहर तर त्या जुलैपासून सही करताच १९ लाख रूबल देत होते. ते लोकही हाच हिशेब करत बसले असणार.

भिंतीकडच्या बाकड्यावरून मामा उठले. म्हणाले, "मी रशियाचा माणूस. साऱ्या वस्तीला ठाऊक आहे. पण तू जायचं नाहीस." पोराने विचारले, "कर्ज तुम्ही फेडता का?" मामा म्हणाले, "नाही. माझ्याकडं नाही." आणि तसेच उभे राहिले.

पासपोर्ट एजंटाकडे होता. रविवारी आम्ही पाचजण गेलो. मामा आणि मास्तर एकाच रिक्षात. रद्द करण्याचे म्हणून एजंटाने पंधरा हजार मागितले. पोलिसांचे नाव काढल्यावर आठ हजारांवर आला. ते आम्ही बाकड्यावर वर्गणी करून भरले. पावती मागितली, मिळाली नाही. पासपोर्ट ताईंच्या पेटीत आहे. बचत गटाच्या बायांनी सोसायटीकडून कमी व्याजाचे कर्ज काढून सावकाराचे निम्मे भागवले. निम्मे तसेच आहे. पोरगा ठेकेदाराकडेच जातो. वाटेत भेटला तर मामांना जयभीम घालतो. माझ्याशी अजून बोलत नाही.