मुक्या गुन्हेपटांची बाजू

अमरावतीच्या राजापेठेत चहाच्या टपरीवर जुन्या मूकपटांचा विषय काढला की उत्तर ठरलेलं: "मुके पिक्चर काय पाहाचे भाऊ? अन् ते बी खुनाचे!" शिकलेली मंडळी हेच जरा शुद्ध भाषेत सांगतात. हे सिनेमे म्हणजे विलायती नक्कल, आणि त्यांत दम असता तर ते टिकले असते.

टिकण्याचं आधी बघू. भारतात तेराशेंच्या आसपास मूकपट निघाले. आज हाती आहेत ते जेमतेम तिसेक, त्यांतलेही कित्येक तुकड्यांत. खुद्द फाळक्यांचा १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' पुरता शिल्लक नाही. म्हणून तो टाकाऊ ठरला का? नायट्रेटची फिल्म सहज पेट घ्यायची; बोलपट आल्यावर जुनी रिळं चांदी काढून घेण्यासाठी मोडीत गेली. मोडीत काढणारा दर्जा बघत नाही.

आता नकलेचं. १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. धागेदोरे इंदूर दरबारापर्यंत पोचले आणि पुढच्या वर्षी तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. कोहिनूर कंपनीने १९२५ सालीच त्यावर 'कुलीन कांता' काढला. यात विलायतेचं काय?

त्याच साली कोल्हापुरात बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' तयार झाला. कथा ना. ह. आपट्यांची, शेतकरी झालेले व्ही. शांताराम. इथं हत्यार एकच, कर्ज. जमीन जाते आणि शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो. संवाद नसल्याने या कथेचं काही अडलं नाही.

"न पाहिलेला सिनेमा वाखाणता कसा?" हा प्रश्न रास्त आहे. कलेचा निवाडा मी देत नाही. पण जमीन गिळणं हाही गुन्हाच, हे त्या पडद्याने १९२५ साली दाखवलं. सावकारांनी बेकायदा बळकावलेली जमीन परत देण्याची तरतूद राज्याच्या २०१४च्या कायद्यात आहे. ती का लागते, हे वऱ्हाडाला समजावून सांगायला नको.

दुर्मिळ म्हणून हे सिनेमे देवघरात ठेवा, असंही माझं म्हणणं नाही. १९२९चा 'प्रपंच पाश' शाबूत आहे. शिकारीच्या आडून घातपात, खोट्या फाशांचा जुगार आणि त्यात लुबाडला गेलेला राजा, सगळं त्यात आहे. अमरावतीतल्या एखाद्या कॉलेजने तो सभागृहात लावावा. निम्मे प्रेक्षक अर्ध्यातून उठून गेले, तर मी हा लेख मागे घेतो.