बदनाम वस्ती की बदनाम व्यवस्था?

१/ मुंबई बंदराचा इतिहास सांगताना गोदी, कापूस आणि दानशूर शेटजी यांचा गौरव होतो. कामाठीपुऱ्याचा विषय निघाला, की एक तर मौन पाळले जाते, नाही तर गोष्ट चवीने रंगवली जाते. दोन्ही रीती अप्रामाणिक आहेत.

२/ 'कामाठीपुरा' हे नाव देहविक्रयावरून पडलेले नाही. निजामाच्या मुलखातून पोटासाठी आलेल्या कामाठी मजुरांवरून ते पडले. राणीसावरगाव, परभणी हा प्रदेशही निजामाच्याच राज्यात होता. म्हणून 'ती मुंबईची घाण, आपला काय संबंध?' असे मराठवाड्याने म्हणू नये.

३/ १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने वेश्यांवर नोंदणी आणि वैद्यकीय तपासणीची सक्ती केली. मुंबईत तो १८७० मध्ये लागू झाला, १८७२ मध्ये थांबला, १८८० मध्ये परतला आणि १८८८ मध्ये रद्द झाला. रोगी ठरलेल्या स्त्रीला रुग्णालयात डांबले जाई. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाला मात्र हा कायदा हातही लावत नसे.

४/ १९१७ मध्ये डंकन रोडवरील कुंटणखान्यात अकूताई नावाच्या स्त्रीला हाल हाल करून मारण्यात आले. तिने तेथून पळून जाण्याचा प्रयत्न केला होता. दलालांना वेसण घालणारा मुंबईचा कायदा आला तो १९२३ मध्ये.

५/ सरकारला स्त्रीची तपासणी १८७० मध्येच सुचली. तिच्या शोषकांविरुद्धच्या कायद्याला त्यानंतर अर्धशतक लागले. तेव्हा 'बदनाम' हे विशेषण वस्तीला लावण्यापूर्वी या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा.