पालकांचा हक्क की मुलाचा जीव?

२०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी परिसरात गोवराने डोके वर काढले आणि पाहता पाहता ही साथ भिवंडी, मालेगाव, वसई-विरारपर्यंत पोहोचली. बाधित बालकांपैकी अनेकांना लस मिळालेलीच नव्हती. यंत्रणेच्या त्रुटी होत्याच. परंतु काही घरांतून लशीला नकारही मिळाला होता. मुलाच्या वतीने असा नकार देण्याचा अधिकार पालकांना कितपत आहे, हा प्रश्न साथ ओसरली म्हणून संपलेला नाही.

न्यायालयांचा कल संमतीकडे आहे. शाळांतील गोवर-रुबेला लसीकरणासाठी पालकांची संमती गृहीत धरता येणार नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये बजावले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करोना लशीची सक्ती अमान्य केली. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंध घालण्याची शासनाची मुभा कायम ठेवली. तथापि, प्रौढ व्यक्ती स्वतःच्या देहाविषयी निर्णय घेते, तर पालक दुसऱ्याच्या. भारतीय न्याय संहितेचे कलम २७ बारा वर्षांखालील मुलासाठी पालकाच्या संमतीला महत्त्व देते, ते मुलाच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीपुरतेच. म्हणजेच ही मालकी नव्हे, विश्वस्ताची जबाबदारी आहे.

ती मोडल्यास काय? बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार मुलाची जाणीवपूर्वक हेळसांड करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या रुग्णाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे गुन्हा ठरवले. पालघरच्या पाड्यांत ही तरतूद किती मोलाची आहे, हे सांगणे नलगे.

खरी फट अन्यत्र आहे. संमती देणारे कोणी वेळेत उपलब्ध नसेल, तर कलम ३० डॉक्टरला संरक्षण देते. पण पालक समोर उभे राहून नकार देत असतील तर? तेव्हा बालकल्याण समिती किंवा न्यायालय हाच मार्ग उरतो, आणि अत्यवस्थ मुलापाशी तेवढा अवधी नसतो.

सरसकट गुन्हे नोंदवणे हा यावर उपाय नव्हे. पोलिसांच्या धास्तीने आई मूल लपवील, आणि नालासोपाऱ्यातील रोजंदारीवरील कुटुंबाला बुडणारी मजुरी व नकार यांतला फरक कायद्याने ओळखलाच पाहिजे. लशीबाबत घरोघरी समजावणी हवी; जीव वाचविणाऱ्या उपचारांबाबत मात्र काही तासांत आदेश मिळायला हवा. समितीची बैठक नसताना मुलाला एका सदस्यापुढेही हजर करता येते आणि १०९८ ही मदतवाहिनी आहे. रुग्णालय, समिती व पोलीस यांना जोडणारी लेखी कार्यपद्धती प्रत्येक जिल्ह्यात तयार ठेवली, तर वाद मिटेपर्यंत मूल ताटकळणार नाही.