इंटर्नला डेस्कवरून उठवा

मराठी दैनिकांचे संपादक आणि पत्रकारिता विभागांचे प्रमुख यांना,



पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मी एका मराठी दैनिकात इंटर्नशिप केली. ‘देश-विदेश’ पान वाट्याला आलं. काम ठरलेलं: वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी मराठीत करायची, दीडशे शब्दांत बसवायची, मथळा द्यायचा. हात बसला, डेस्कवरच्या मंडळींनी शिस्तही लावली. त्याबद्दल मी ऋणीच आहे. तक्रार पुढची आहे.

२०२३-२४चा तो हिवाळा. येमेनचे हूती बंडखोर तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले करत होते. बड्या कंपन्यांनी सुएझचा मार्ग टाळून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. हे सगळं मी मराठीत उतरवत होते. त्याच हंगामात नाशिकची द्राक्षं शीत कंटेनरमधून न्हावा-शेवा बंदरामार्गे युरोपला निघाली होती. प्रवास जवळपास दोन आठवड्यांनी लांबला, भाडं चढलं. बागायतदारांची ही ओरड जिल्हा पानावर वेगळी छापून आली. दोन्ही बातम्या एकच आहेत, हे कुणी वाचकाला सांगितलं नाही. ‘एखाद्या निर्यातदाराला फोन करू का?’ असं मी विचारलं, तर उत्तर आलं, ‘आधी पान सोडू.’

मराठी वाचकाला जगाचं वावडं नाही. त्याच्यासाठीच गोविंद तळवलकरांनी सोव्हिएत साम्राज्याच्या उदयास्तावर ग्रंथ लिहिला, अरुण साधूंनी चीनच्या क्रांतीवर. दोघंही वृत्तपत्रांतच घडले होते.

संपादकहो, इंटर्नला एक देश किंवा एक विषय नेमून द्या. आठवड्यातून एक दिवस त्याला बंदरावर, बाजार समितीत पाठवा. मुंबईत इतक्या देशांचे वाणिज्य दूतावास आहेत. तिथल्या एखाद्या पत्रकार परिषदेला ज्येष्ठ वार्ताहराशेजारी बसू द्या. मानधन जमत नसेल, तर निदान प्रवासखर्च द्या.

विभागप्रमुखहो, नुसतं प्रमाणपत्र पाहून गुण देऊ नका. विद्यार्थ्याने स्वतः फिरून केलेली एक तरी बातमी मागा.

भाषांतर आता यंत्रही करून देतं. युरोपात रॉटरडॅमला उशिरा पोहोचलेल्या द्राक्षांचा हिशेब नाशिककडच्या पिंपळगावच्या शेतकऱ्याकडून समजून घ्यायला मात्र माणूसच लागतो. तो घडवणं तुमच्या हाती आहे. पुढच्या तुकडीपासून सुरुवात करा, ही विनंती.

आपली,
पत्रकारितेची एक विद्यार्थिनी