झूमवर नाडी लागते का हो?

ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये आपण कॅमेरा बंद, माईक म्यूट करून खुशाल चहा पीत बसतो. बॉसने नाव घेतलं की दचकायचं, एवढंच टेन्शन. पण उद्या तुमच्या आईच्या पोटावर हात ठेवून 'लिव्हर वाढलंय' असं जो सांगणार आहे, तोही असंच म्यूटवर बसून शिकला असेल तर?

मंडळी, मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि मेडिकल कॉलेजेसची हॉस्टेलं रिकामी झाली. एमबीबीएसची मुलं घरून शिकू लागली. कुणी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये वायफायवर, तर कुणी गावी गच्चीवर रेंज शोधत. त्यातला विनोद (की क्रूर थट्टा?) बघा. ऑगस्ट २०१९ च्या बॅचपासूनच एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम सुरू झाला होता. त्याचा मेन फंडा काय, तर पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्याला पेशंटसमोर न्यायचं. आणि वर्ष संपायच्या आत वॉर्डाचे दरवाजेच बंद!

ऑनलाइनला सरसकट शिव्या घालायचा माझा अजिबात मूड नाही. दीडशे-दोनशे पोरांच्या हॉलमध्ये शेवटच्या बाकावर बसून बायोकेमिस्ट्री कुणाला कळली आहे? रेकॉर्डेड लेक्चर पॉज करता येतं, मागे नेता येतं. पीजीच्या एन्ट्रन्सची तयारी करणारी पोरं तर कोविडच्या आधीपासून मॅरो, प्रेपलॅडरसारख्या अॅप्सवर पडीक असायची. 'आयसीएमआर'चा संशोधनपद्धतींचा कोर्सही ऑनलाइनच असतो आणि त्यात कुणाचं काही बिघडलेलं नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये डॉ. संजीव अरोरांनी २००३ मध्ये 'प्रोजेक्ट इको' सुरू केला. मोठ्या हॉस्पिटलातले तज्ज्ञ व्हिडिओवरून लांबच्या छोट्या गावांतल्या डॉक्टरांना हेपटायटिस-सी हाताळायला शिकवायचे. तो प्रकार पुढे भारतातही आला. पण इथे मेख लक्षात घ्या. शिकणारे आधीच डॉक्टर होते आणि पेशंट त्यांच्या समोर बसलेला होता. हात तयार होते, फक्त सल्ला लांबून येत होता.

खरी गोची हाताचीच आहे. पेशंट तपासायच्या चार पायऱ्या मेडिकलचं कुठलंही पोर झोपेत सांगेल: बघणं, हाताने चाचपणं, बोटाने ठोकून आवाज ऐकणं आणि स्टेथोस्कोप लावणं. पहिली पायरी स्क्रीनवर जमते, तीही कॅमेरा आणि लाईट धड असेल तर. मधल्या दोन? विसरा. चौथीसाठी हृदयाच्या आवाजांची रेकॉर्डिंग्ज वाजवतात. आयडिया झकास, पण हृदयाचे काही महत्त्वाचे आवाज इतक्या खालच्या पट्टीतले असतात, की मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरमधून ते धड बाहेरच पडत नाहीत. वर मीटिंगचं सॉफ्टवेअर त्यांना गोंगाट समजून गाळून टाकू शकतं, हा बोनस.

आणि भाषेचं काय? आपल्या सरकारी कॉलेजांत ऑल इंडिया कोट्यातून पार बिहार-केरळची मुलं येतात. 'अंगात कसर आहे', 'घाबरल्यासारखं होतंय' म्हणजे नक्की काय, हे त्यांना कुठलंही टेक्स्टबुक शिकवत नाही. वॉर्डातल्या सिस्टर, मावशी आणि खाटेवरच्या आजी शिकवतात. छातीत दुखत असूनही 'काही नाही हो, गॅस झालाय' म्हणणारे आजोबा ओळखायला त्यांच्याशेजारी उभंच राहावं लागतं.

आपल्याकडे सुदैवाने ही मुलं पुढे वॉर्डात परतली. डिसेंबर २०२० पासून कॉलेजेस उघडायला लागली, इंटर्नशिपही पेशंटमध्येच झाली. पण चीनला शिकायला गेलेल्यांची कथा वेगळी. २०२० च्या सुरुवातीला ती घरी आली आणि विद्यार्थ्यांना पुन्हा व्हिसा मिळायला ऑगस्ट २०२२ उजाडला. म्हणजे अडीच वर्षं लॅपटॉपवर! मधेच, फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध भडकलं आणि 'ऑपरेशन गंगा'तून आणखी हजारो विद्यार्थी परतले. आईबापांनी कर्ज काढून पाठवलेली पोरं, आणि इकडे नॅशनल मेडिकल कमिशनचं म्हणणं, निव्वळ ऑनलाइन केलेली मेडिकल डिग्री आम्ही मानत नाही.

कमिशन चुकलं का? मला नाही वाटत. त्या पोरांचा तरी काय दोष होता? तोही नाही. जुलै २०२२ मध्ये तोडगा निघाला तो असा: शेवटच्या वर्षाला असताना परतावं लागलं आणि ३० जून २०२२ पर्यंत डिग्री हातात आली, त्यांनी परदेशी पदवीधरांची परीक्षा पास व्हायचं आणि मग भारतात एकाऐवजी दोन वर्षं इंटर्नशिप करायची. स्क्रीनवर गेलेलं वर्ष वॉर्डात भरून काढायचं, असा साधा हिशेब. मधल्या वर्षांत अडकलेल्यांना एवढाही दिलासा नव्हता.

मला विचाराल तर लेक्चर्स खुशाल मोबाईलवर टाका, कॉलेजने डेटाचे पैसे द्यावेत आणि वाचलेले तास वॉर्डात घालवावेत. पण मॅनेजमेंटला यात भलतंच काही दिसायची भीती आहे: लेक्चर ऑनलाइन, म्हणजे शिक्षक कमी, म्हणजे खर्च कमी. फी मात्र तेवढीच. तेव्हा धाकट्या भावाबहिणीची अॅडमिशन घ्यायला जाल, तेव्हा स्मार्ट क्लासरूम बघून हुरळू नका. सरळ हॉस्पिटलात शिरा आणि किती खाटांवर खरोखर पेशंट आहेत, ते मोजा.