बंदीच्या दिवसांत शिबिर कुणासाठी?

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. शिकायला यासारखे 61 दिवस परत मिळत नाहीत. पण गोव्यात शिबिर म्हटलं की पुढच्या खुर्च्यांवर तेच ते बोटमालक. चूक आमचीही आहे. निरोप आम्ही मालकांनाच देत आलो.

चौकोनी आसाच्या जाळ्याचं घ्या. नेहमीचा शंकरपाळ्यासारखा आस ओढताना मिटतो, बारकी मासळी आत अडकते. चौकोनी आस उघडा राहतो, पिल्लं निसटतात. हे मालकालाच कळून काय उपयोग? जाळं ओढतो खलाशी. तो ओडिशा, झारखंडचा असेल तर त्याला हिंदीत सांगायला नको?

आणि बाजारात कोण बसतं? आपल्या आया-बहिणी. किलोला किलो बर्फ लागतो, हे त्यांना कुणी सांगितलं? बारावी झालेल्या पोरी घरात आहेत. जीपीएस, डिझेलचा हिशेब त्या आपल्यापेक्षा लवकर शिकतील. होडीवर न जाणाऱ्या पोरांनाही इंजिन दुरुस्तीत हात घालू दे.

आमचं मत असं, की यंदा शिबिर जेटीवरच घ्यावं, बाजार उरकल्यावर संध्याकाळी. निम्म्या जागा बायका आणि पंचविशीच्या आतल्या मुलामुलींना. मालकांनी रुसू नये, त्यांना चहा नक्की मिळेल.