सदातुर गुरुजन आणि वैद्यसमाजाचे उत्तरदायित्व

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील अकराव्या अध्यायात काही व्यक्तींना ‘सदातुर’, म्हणजे नित्य आजारी राहणाऱ्या, असे म्हटले आहे. श्रोत्रिय, राजसेवक, वेश्या आणि पण्यजीवी असे चार वर्ग तेथे येतात. श्रोत्रिय अध्ययनात आणि व्रतनियमांत इतका गढलेला असतो की देहहिताकडे पाहण्यास त्याला सवड मिळत नाही. राजसेवकाचा दिवस स्वामीची मर्जी राखण्यात, इतरांच्या आग्रहात, चिंतेत व भयात सरतो. कारणे निरनिराळी असली तरी परिणाम एकच. हे सर्व जण आलेले वेग रोखून धरतात आणि अवेळी भोजन करतात. जे जे असे वागतील ते ते सदातुरच राहतील, असा आचार्यांचा स्पष्ट अभिप्राय आहे.

आजच्या शिक्षकाकडे या दृष्टीने पाहिले तर श्रोत्रिय आणि राजसेवक हे दोघे एकाच देहात वास करीत असल्याचे दिसते. अध्यापन हा त्याचा धर्म आणि शासनाची वा संस्थेची आज्ञा हे त्याचे बंधन. त्याच्यासोबत शाळेचा शिपाई, लिपिक, पोषण आहार शिजविणाऱ्या भगिनी आणि शाळेच्या बसचा चालक हेही आलेच. हा मोठा वर्ग आपल्या चिकित्सालयात आणि औषधी दुकानात नित्य येतो. आपण त्याला औषध देतो; परंतु त्याच्या दिनचर्येची व ऋतुचर्येची चौकशी कितपत करतो, हा प्रश्न या लेखातून मांडावयाचा आहे.

प्रारंभ स्वतःच्या चुकीपासून करणे उचित होईल. काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका मूत्रकृच्छ्राची तक्रार घेऊन माझ्याकडे येत असत. गोक्षुरादी गुग्गुळ, चंद्रप्रभा आणि पथ्य सांगितले की पंधरा दिवसांत त्यांना बरे वाटे आणि दोन महिन्यांनी त्या पुन्हा दाराशी उभ्या राहत. असे तीन वेळा झाले. चौथ्या वेळी सहज विचारले, “ताई, शाळेत पाणी किती पिता?” त्या संकोचून म्हणाल्या, “सकाळी घरून निघाले की संध्याकाळपर्यंत पाणी पीतच नाही. प्यायले तर जायचे कुठे?” शाळेत प्रसाधनगृह होते, परंतु त्याला कडी नव्हती आणि आत पाणी नव्हते. हेतू शाळेत होता आणि मी चिकित्सा बस्तीची करीत होतो. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी होय, हे विद्यार्थ्यांना शिकविणारा मी स्वतःच ती पायरी ओलांडून गेलो होतो.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात तेरा अधारणीय वेग सांगितले आणि त्यांत मूत्रवेगाला अग्रस्थान दिले. या एका रुग्णेपुरते बोलायचे तर तिचे खरे औषध कडी, पाण्याची बादली आणि दोन तासिकांच्या मध्ये पाच मिनिटांची मोकळीक हे होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आवश्यक ठरविली आणि शाळा व्यवस्थापन समितीचीही तरतूद केली. मग वैद्याने त्या समितीला दोन ओळींचे पत्र का लिहू नये? त्या पत्राने जे साधेल ते गुग्गुळाच्या शंभर वट्यांनीही साधणार नाही.

दुसरा विषय स्वराचा. सिद्धिस्थानाच्या बाराव्या अध्यायात पंचकर्मानंतर वर्ज्य करावयाच्या आठ गोष्टी आहेत. त्यांतील पहिली उच्चभाषण, दुसरी वाहनाचे हादरे, तिसरी व चौथी अतिचंक्रमण आणि अति बसणे. पन्नास-साठ मुलांचा वर्ग, पत्र्यावर कोसळणारा पाऊस, खडूची धूळ आणि दुचाकीने खड्ड्यांतून केलेला प्रवास हे ध्यानी घेतले तर या यादीतील बहुतेक गोष्टी शिक्षकाच्या नित्यक्रमातच बसतात. स्वरभेद होणे यात नवल नाही. अशा वेळी सितोपलादी आणि ज्येष्ठमध आपण सढळ हाताने देतो. येथे औषधविक्रेते बंधूंनी क्षणभर थांबावे, अशी विनंती आहे. सितोपलादी चूर्णाच्या एकतीस भागांपैकी सोळा भाग खडीसाखरेचे असतात. मधुमेही शिक्षकाने ते मधातून महिनोन्महिने घेतले तर काय होईल, हे सांगण्यास आचार्यांची आवश्यकता नाही. ज्येष्ठमध दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो आणि शरीरातील पोटॅशियम घटू शकते. आसवारिष्टांत स्वयंजात मद्यांश असतो. बसचालकाच्या हाती बाटली देण्यापूर्वी त्याचा व्यवसाय विचारलेला बरा. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य आपल्या दुकानांतून हद्दपार झाले पाहिजे. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला असेल तर स्वरयंत्राची तपासणी करून घेण्यास सांगणे हेही आपलेच कर्तव्य आहे. त्याचबरोबर कोमट पाण्याचा घोट, गंडूष, खडूफळा पुसताना ओले फडके आणि दोन तासिकांनंतर थोडे मौन हे बिनखर्चाचे उपायही सांगता येतात.

आता ऋतूंकडे वळू. शाळेचे वर्ष आपल्याकडे जूनमध्ये, म्हणजे नेमके ग्रीष्म व वर्षा यांच्या सांध्यावर सुरू होते. वाग्भटांनी सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येत्या ऋतूचे पहिले सात दिवस हा ऋतुसंधी मानून जुनी चर्या क्रमाने सोडावी व नवी क्रमाने धरावी, असे सांगितले. शाळा मात्र एका दिवसात सुरू होते. महिनाभर घरी अकरा वाजता जेवणारा मनुष्य एकाएकी पहाटे शिजविलेला डबा दुपारी एक वाजता थंड खाऊ लागतो. वर्षाऋतूत अग्नी मंद आणि वात प्रकुपित असताना हा बदल सोसत नाही. पहिल्या पंधरवड्यातील उदरविकारांचे मूळ अनेकदा येथेच असते. डबा एकट्याचा नसतो. तोच स्वयंपाक घरातील मुले आणि वृद्धही खातात. म्हणून सल्ला कुटुंबाला द्यावा: सुंठ घालून उकळलेले पाणी, ताजे व लघु अन्न, मुगाचे कढण, आणि पावसाळ्यात डब्यात पालेभाजी व दही टाळणे.

जूनमध्ये दीड महिना बंद असलेल्या खोल्या उघडतो तो शिपाई. सापविंचवाशी पहिली गाठ त्याची पडते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग रूढ केला आणि कोकणातील कित्येक प्राण वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. अगदतंत्राचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण सर्पदंशाच्या रुग्णाला लेप लावत बसण्यात त्या तंत्राचा गौरव नाही. प्रतिविष असलेल्या रुग्णालयात त्याला त्वरित पोहोचविणे हीच तेथे पहिली चिकित्सा. बूट, काठी, विजेरी आणि खोल्या दिवसाउजेडी उघडण्याचा नियम एवढे शिपायाला मिळवून दिले तरी पुष्कळ झाले.

पुराच्या पाण्याविषयीही असेच. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने घातलेला धुमाकूळ अनेकांच्या स्मरणात असेल. पायाला भेगा अथवा जखम असताना साचलेल्या पाण्यातून शाळा गाठलेल्या कर्मचाऱ्याने तीन दिवसांच्या आत शासकीय आरोग्य केंद्रात प्रतिबंधक औषधाविषयी विचारावे आणि पुढे ताप आल्यास पाण्यातून चालल्याचे वैद्याला आवर्जून सांगावे. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस हे पुष्कळदा धोक्याचे असतात. पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा ग्लानी दिसताच रुग्णालय गाठावे. पपईच्या पानांचा रस देऊन घरी थांबविलेला रुग्ण हातचा गेला, तर तो दोष रसाचा नसून थांबविणाऱ्याचा ठरतो.

शरदात पित्तप्रकोपाचे आणि हेमंतात बलाचे दिवस येतात. व्यायामाचा संकल्प हेमंतातच सोडावा. मात्र अर्धशक्तीचा नियम पाळावा. कपाळी घाम आला आणि श्वास तोंडाने घ्यावा लागला की थांबावे, हे सूत्र पन्नाशीच्या मुख्याध्यापकांना क्रीडासंमेलनातील धावण्याच्या शर्यतीपूर्वी कोणीतरी सांगणे अगत्याचे आहे. वर्गात उभे राहून पोटऱ्यांच्या शिरा फुगलेल्यांना रोजचे चालणे, अभ्यंग आणि रात्री पाय किंचित उंच ठेवून निजणे हितावह होते.

सर्वांत कठीण ऋतू ग्रीष्म. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना अशैक्षणिक कामांतून मुक्त करताना दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांचा अपवाद ठेवला. २०२४ ची लोकसभा निवडणूक महाराष्ट्रात १९ एप्रिल ते २० मे या ऐन उन्हाळ्यात पाच टप्प्यांत पार पडली. त्याच निवडणुकीच्या अखेरच्या टप्प्यात उत्तर प्रदेशात मतदानकार्यावरील अनेक कर्मचारी उष्म्याने दगावले. हा धोका केवळ विदर्भाचा मानू नये. एप्रिल २०२३ मध्ये खारघर येथे, समुद्राजवळच्या दमट हवेत, उघड्या मैदानावरील समारंभानंतर उष्माघाताने १४ जण मृत्युमुखी पडले. हवेत आर्द्रता असेल तर घाम वाळत नाही आणि तुलनेने कमी तापमानातही देह तापतो.

पन्हे, कोकम सरबत, वाळ्याचे पाणी, मीठ घातलेले ताक ही आपली परंपरागत शिदोरी उत्तम आहे. परंतु ती प्रतिबंधासाठी आहे. मनुष्य असंबद्ध बोलू लागला, अडखळला वा बेशुद्ध झाला आणि अंग भाजल्यासारखे तापले, की तो उष्माघात समजावा. त्वचा कोरडीच असेल असे नाही. श्रम करणाऱ्यास घाम असतानाही उष्माघात होतो. अशा वेळी सावली, अंगावर भरपूर पाणी, वारा आणि १०८ क्रमांकाला दूरध्वनी, हाच क्रम. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पन्हेच काय, पाण्याचा थेंबही घालू नये. चुलीजवळ उभ्या राहणाऱ्या पोषण आहाराच्या भगिनींना तर हा ग्रीष्म बारमाही आहे. त्यांच्यासाठी धुराला वाट आणि पिण्याच्या पाण्याची घागर ही मागणी आपण केली पाहिजे.

काही व्यवसायबंधू म्हणतील की हे सर्व शासनाचे काम. शिवाय रुग्णच कमी झाले तर आमचे कसे चालावे? शासनाचे काम आहे हे मान्य. परंतु स्वस्थाचे स्वास्थ्यरक्षण हे प्रयोजन आपल्या शास्त्राने आतुराच्या व्याधिप्रशमनाच्या आधी मांडले आहे. ते सोयीपुरते मानता येणार नाही. आणि रुग्णसंख्येची चिंता व्यर्थ आहे. माझ्या त्या शिक्षिका मूत्रकृच्छ्रासाठी पुन्हा आल्या नाहीत. मात्र आपल्या सासूबाईंना, मुलाला आणि पुढे तीन सहकाऱ्यांना घेऊन आल्या. विश्वास हीच वैद्याची खरी मिळकत होय.

यास्तव संघटनेच्या सभासदांना एक साधी सूचना करावीशी वाटते. प्रत्येकाने येत्या जूनपूर्वी आपल्या परिसरातील एका शाळेची निवड करावी. एक तास तेथे जावे. शिक्षक, शिपाई, स्वयंपाकी आणि चालक या सर्वांना एकत्र बसवून पाणी, प्रसाधनगृह आणि भोजनाची वेळ यांविषयी विचारावे. ऋतुचर्येचे एकपानी टिपण आणि त्वरित रुग्णालयात नेण्याच्या लक्षणांची यादी शिक्षकखोलीत लावावी. उणिवांचे पत्र व्यवस्थापन समितीस द्यावे आणि दिवाळीनंतर पुन्हा जाऊन पाहावे. या भेटीत एकही बाटली विकू नये, नमुनाही वाटू नये. औषधविक्रेते बंधूंनी टिपणाच्या छपाईचा भार उचलला तर सोन्याहून पिवळे. मात्र त्यावर दुकानाची जाहिरात नसावी.

जाता जाता त्यांना एक स्मरण द्यावेसे वाटते. आचार्यांच्या त्या यादीत पण्यजीवी, म्हणजे दिवसभर गादीवर बसून व्यापार करणारा, हाही आहे. आणि दुपारी तीन वाजता रुग्ण संपल्यावर जेवणारा वैद्य तरी त्या यादीबाहेर कोठे आहे? शाळेत जाण्यापूर्वी आपण सर्वांनी आपला डबा वेळेवर उघडण्यास प्रारंभ करावा, म्हणजे आपल्या शब्दाला वजन येईल.